लाल गाडीचा उलटा पंखा

मोटारीचे इंजिन तापण्याची कारणे मोजून नऊ आहेत. मालक नेहमी दहावे सांगतो. हे दहावे कारण शांतपणे ऐकून घेणे हा लखनौमध्ये अनेक वर्षे माझ्या नोकरीचा भाग होता. खराब पेट्रोल, साडूची नजर, सासरहून मिळालेला ड्रायव्हर, पूर्वेकडे तोंड करून बांधलेले गॅरेज. एका वकिलांची गाडी फक्त उलटतपासणीच्या दिवशी तापत असे. तपासले तेव्हा त्या दिवशी ते स्वतः गाडी चालवत असत आणि हँडब्रेक सोडायला विसरत असत, असे आढळले.

मी मूळचा नागपूरचा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केला आणि नोकरी लागली वर्तमानपत्रात. तिथे अडीच वर्षे बातम्या लिहिल्या. वृत्तसंपादक विशेषण दिसले की लाल पेन्सिलीने कापत. कोण, काय, कुठे, कधी, का, ही पाच उत्तरे पहिल्या परिच्छेदात नसली तर कागद परत येई. आणि ज्याच्यावर आरोप असेल त्याचे म्हणणे बातमीत नसले, तर कागदाबरोबर आवाजही येई : "दुसऱ्या बाजूला विचारलंस का?"

पुढे ते वर्तमानपत्र बंद पडले. विशेषणे कापल्यामुळे नव्हे. वडील रेल्वेच्या नोकरीत लखनौला होते. चार दिवस म्हणून त्यांच्या क्वार्टरमध्ये आलो आणि इथलाच झालो. तेलीबागेत रायबरेली रोडवर रस्तोगीजींचे गॅरेज होते. त्यांनी माझे सर्टिफिकेट उलटसुलट बघितले, नाव विचारले, आणि "ठीक है मिश्राजी, कल से आइए," म्हणाले.

माझे आडनाव मेश्राम. पहिली दोन वर्षे मी प्रत्येकाला दुरुस्त करून सांगितले. नंतर सोडून दिले. बौद्ध घरातल्या मुलाला गिऱ्हाईक कमरेत वाकून "पंडितजी, परनाम" म्हणते, ही गोष्ट वडील क्वार्टरमध्ये आल्यागेल्याला सांगत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. सबंध रायबरेली रोडवर मला मेश्राम म्हणणारा माणूस एकच होता. शब्बन उस्ताद.

उस्ताद गाड्यांच्या विजेचे काम करत. गॅरेजच्या फाटकाला लागून त्यांची लाकडी टपरी होती. डायनॅमो, सेल्फ, हॉर्न, वायरिंग. विजेच्या मोटरचे जळालेले वेटोळे उलगडून पुन्हा गुंडाळताना ते तारेचे फेरे तोंडाने मोजत आणि मध्ये कुणी सलाम केला तर उत्तर देत नसत. फेरे संपले की सलाम करणाऱ्याला शोधून उत्तर देत. ओळख झाली त्या दिवशी त्यांनी माझे नाव दोनदा म्हणवून घेतले आणि म्हणाले, "नाम आदमी का होता है, सुनने वाले का नहीं।" त्यानंतर ते कधी चुकले नाहीत.

गॅरेजच्या फाटकावर एक फळा होता. रस्तोगीजींनी तो "यहाँ गाड़ी खड़ी न करें" असे लिहिण्यासाठी आणला होता. लोक नेमकी तिथेच गाडी लावत. मी तो मागून घेतला आणि रोज त्यावर आदल्या दिवशीचे एक निदान लिहू लागलो. हिंदीत, चार ओळी, बातमीसारखे. कुठली गाडी, काय बिघाड, कारण काय, उपाय काय. शेजारी चहाची टपरी असल्यामुळे वाचक आयते होते. लोक चहा पिता पिता फळा वाचत, त्यावर वाद घालत. जवळच्या एका सरकारी संस्थेचे वाहन अधिकारी रोज सकाळी तिथे चहाला थांबत, तेही वाचत. रस्तोगीजींना ही फुकटची जाहिरात वाटे. मला काय वाटे ते सांगायला हरकत नाही. मला पुन्हा बातम्या लिहायला मिळत होत्या आणि कापायला कुणी नव्हते.

आता धंद्याबद्दल थोडे. इंजिनात पेट्रोल जळते, त्याची उष्णता पाणी उचलते. पंप ते पाणी पुढच्या जाळीदार टाकीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, नेतो. जाळीतून वारा जातो, पाणी थंड होऊन परत येते. इतकेच. यात बिघडण्यासारख्या गोष्टी दोनच : पाणी आणि वारा. आम्हा लोकांत एक म्हणणे होते. उभी तापते तर पंखा बघा, पळताना तापते तर पाणी बघा. उभ्या गाडीला वारा फक्त पंखा देतो, पळत्या गाडीला रस्ता देतो. या एका वाक्यावर मी पगार घेतला.

वारा म्हणजे काय, हे मात्र लोकांना पटवणे कठीण. एका डॉक्टरांची गाडी दर मे महिन्यात तापे. त्यांनी स्वतःच उपचार केला. घराच्या खिडकीला लावतात तशी वाळ्याची टट्टी, म्हणजे पडदा, रेडिएटरसमोर बांधली आणि कंपाउंडरला दर चौकात उतरून तिच्यावर पाणी मारायला सांगितले. गाडी गॅरेजपर्यंत ढकलत आली, पण वास फार चांगला येत होता. मी टट्टी काढली आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, नाकावर ओला टॉवेल बांधलात तर रोगी थंड होईल, पण श्वास कुठून घेईल?" ते म्हणाले, "मिश्राजी, आप डॉक्टरी मत कीजिए।" मी म्हणालो, आपणही मिस्त्रीगिरी करू नका. दुसऱ्या वर्षी ते दुसऱ्या गॅरेजात गेले. फळ्यावर लिहिलेले त्यांना आवडले नव्हते.

आता लाल गाडी. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट.

ती कुँवरसाहेबांची. घराण्याची तालुकेदारी गेली, हत्ती गेला, हत्तीखान्यात भाडेकरू आले. राहिली ती त्यांच्या वडिलांनी मागवलेली विलायती दोन सीटांची स्पोर्ट्स कार. जमिनीपासून इतकी खाली की तिच्यात बसणे म्हणजे विहिरीत उतरण्यासारखे. लखनौत असा एकही रस्ता नव्हता जिथे तिचा वेग वापरता येईल, आणि कुँवरसाहेबांना तो वापरायचाही नव्हता. संध्याकाळी हजरतगंजमध्ये फेरफटका मारण्याला इथे गंजिंग म्हणतात. लोक पायी करतात. कुँवरसाहेब ते मोटारीतून, सायकलवाल्यांच्या वेगाने करत. स्पोर्ट्स कार ताशी दहा मैलांनी चालवणारा इतका निष्ठावंत माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आदल्या दसऱ्याच्या सुमारास त्या गाडीच्या पंख्याचे पाते तडकले. तो पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा होता. तसा दुसरा मिळेना. शब्बन उस्तादांनी छावणीच्या लिलावातून आलेली एक लहान विजेची मोटर शोधली, तिच्यावर पत्र्याची पाती बसवली, तो पंखा रेडिएटरच्या पुढे लावला आणि त्याचे बटण स्टिअरिंगजवळ काढून दिले. काम सुरेख होते. मी त्यांना तसे म्हणालोही होतो.

मे महिन्यात कुँवरसाहेब आले. चिकनकारीचा कुर्ता, डोळ्यांवर काळा चष्मा.

"मिश्राजी, गाड़ी उबल रही है। सिर्फ़ हज़रतगंज में।"

"बाकी कहीं नहीं?"

"बाकी कहीं नहीं। घर पर खड़ी रहे तो ठीक। आपके फाटक तक आई, ठीक। गंज में घुसते ही भाप। कल कॉलेज की लड़कियाँ खड़ी थीं, और हम उनके सामने चाय की केतली बने बैठे थे।"

मी नेहमीचे सगळे केले. पाणी बघितले, झाकण बदलले, पंप बघितला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याला अडवणारी झडप, उकळत्या पाण्यात टाकून उघडते का ते पाहिले. रेडिएटर उतरवून कॉस्टिक सोड्याने धुतला. गाडी फाटकात उभी करून, पंख्याचे बटण दाबून वीस मिनिटे चालू ठेवली. काटा वर गेला, पण लाल रेघेच्या अलीकडे थांबला. म्हणजे पंखा ठीक. मग अमौसीच्या मोकळ्या रस्त्याने विमानतळापर्यंत पळवून आणली. काटा जागचा हलला नाही. म्हणजे पाणी ठीक. उभी तापत नव्हती, पळताना तापत नव्हती. फक्त फिरायला निघाली की तापत होती. माझ्या त्या एका वाक्यात फिरायला निघालेल्या गाडीची सोय नव्हती.

तिसऱ्यांदा गाडी परत आली तेव्हा कुँवरसाहेब म्हणाले, "बैठिए। आज आप भी चलिए।" मी ग्रीसच्या कपड्यांत हजरतगंजमध्ये स्पोर्ट्स कारमधून हिंडलो. लोक त्यांना सलाम करत होते आणि मला बघून सलाम अर्धा करत होते. पाचव्या मिनिटाला काटा लाल रेघेवर, सातव्याला वाफ. कुँवरसाहेबांनी गाडी कडेला घेतली. पंखा चालूच होता. मी उतरून समोर गेलो आणि ज्या गोष्टीकडे पंधरा दिवस आधी बघायला हवे होते तिकडे बघितले.

वाफ पुढे येत होती.

रेडिएटरचा पंखा वारा बाहेरून आत, इंजिनाकडे ढकलतो. झाकणाजवळून निघणारी वाफ मागे जायला हवी होती. ती जाळीतून माझ्या तोंडावर येत होती. मी पानवाल्याकडून वर्तमानपत्राचा एक कागद घेतला आणि जाळीसमोर धरला. पंखा बरोबर असेल तर कागद आत ओढला जाऊन जाळीला चिकटतो. कागद उडून कुँवरसाहेबांच्या कुर्त्यावर गेला.

पंखा उलटा फिरत होता. उभी असताना उलटा वाराही थोडा गारवा देतो. पळताना रस्त्याचा वारा इतका जोरदार असतो की पंख्याला कुणी विचारत नाही. पण ताशी दहा मैलांना रस्ता जेवढा वारा आत ढकलतो, पंखा तेवढाच बाहेर ढकलत होता. जाळीत वारा उभा. गॅरेजमध्ये समोर उभे असताना मला हे का कळले नाही, असे कुणी विचारेल. मे महिन्यात लखनौमध्ये समोरून गरम वारा आला तर कुणी संशय घेत नाही.

त्याच जागी पंख्याच्या दोन तारा उलटसुलट करून लावल्या. कागद चिकटला. कुँवरसाहेबांनी गंजच्या लागोपाठ तीन फेऱ्या मारल्या आणि काटा झोपून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिले : "लाल गाड़ी कल हज़रतगंज में गरम। कारण : पंखा उल्टा चल रहा था। बिजली का काम : शब्बन उस्ताद। उपाय : तार बदले गए।" पाचही उत्तरे होती. विशेषण एकही नव्हते. एरवी मी फळा रोज पुसत असे. हे निदान मला इतके आवडले होते की तीन दिवस पुसले नाही.

उस्तादांना उर्दू येत असे, नागरी नाही. पहिल्या दिवशी दुपारी चहावाल्याने त्यांना फळा वाचून दाखवला. ते गॅरेजात आले. आवाज चढवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"मेश्राम साहब, पंखा हमने उल्टा नहीं लगाया था। जिस दिन लगाया, काग़ज़ हमने भी लगाकर देखा था। चिपका था।"

"उस्ताद, मेरे सामने उड़ गया।"

"तो बीच में किसी ने हाथ लगाया होगा।"

"बीच में गाड़ी इसी गॅरेज में आई है। यहाँ किसने आपका पंखा छुआ?"

"यही तो हम पूछने आए हैं।"

मी हातातला पाना पुसत राहिलो. ते "अच्छा" म्हणून निघून गेले. लखनौत "अच्छा"चे बरेच अर्थ होतात. त्यातला एक असा आहे की आता आपले बोलणे संपले.

उस्तादांना नेमके त्या महिन्यात माझ्या फळ्याची गरज नव्हती. त्या सरकारी संस्थेच्या जीपगाड्या आणि बसगाड्यांचे विजेचे काम वर्षभरासाठी द्यायचे चालले होते आणि वाहन अधिकाऱ्यांनी उस्तादांना जवळजवळ हो म्हटले होते. उस्तादांची नजर अधू होत चालली होती. बारीक तारेचे फेरे आता त्यांना डोळ्यांनी दिसत नसत, बोटांनी मोजावे लागत. संस्थेचे काम म्हणजे जाड वायरिंगचे, दिवसाउजेडी, शेडमध्ये बसून करायचे. त्यांनी मला हे हिवाळ्यात सांगितले होते. "आँखें अब तार नहीं गिनतीं, मेश्राम साहब। यह काम मिल जाए तो इज़्ज़त से बैठ जाएँ।"

अधिकारी फळा वाचून रस्तोगीजींना म्हणाले, "जो पंखा उल्टा लगा दे, वह बस में क्या करेगा?" आणि हो म्हणायचे थांबले. मी तिथेच होतो. मी खाली बघून एका चाकाचे नट आवळले. ते आधीच आवळलेले होते.

त्यानंतर उस्ताद गॅरेजात आले नाहीत. काम असेल तर चहावाल्याकडून निरोप येई.

तीन आठवडे गेले. एका मंगळवारी कुँवरसाहेब पुन्हा आले. गाडी थंड होती, ते प्रसन्न होते, पण एक किरकोळ तक्रार होती. "मिश्राजी, यह सुई देखिए। गाड़ी चलती है तो यह कहती है, बैटरी ख़ाली हो रही है। बत्ती जलाइए तो कहती है, भर रही है। सर्दियों से यही हाल है। हमने सोचा, पुरानी है, सठिया गई होगी।"

ती सुई ॲमीटरची. बॅटरीत वीज येते आहे की जाते आहे हे ती दाखवते. सुई उलटे बोलत होती. हिवाळ्यापासून.

मी बॅटरीची पेटी उघडली. जानेवारीत त्या गाडीत नवी बॅटरी बसवली होती. आमच्याकडे त्या काळी येणाऱ्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचा वजा खांब गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असे. जुन्या विलायती गाड्यांत काहींचा उलट, अधिक खांब सांगाड्याला. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर ग्रीसचा थर होता. चिंध्यांनी पुसले. इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते की या गाडीत अधिक खांब सांगाड्याला जोडावा.

बॅटरी उलटी लावली तर गाडी बंद का पडली नाही? कारण दिवे, हॉर्न आणि सेल्फ यांना वीज कुठल्या बाजूने येते याचे सोयरसुतक नसते. डायनॅमोला असते, पण नवी बॅटरी लावली की त्याला तारेने एक चटका देऊन बॅटरीशी जुळवून घ्यायची आमची सवय. तो चटका दिला की डायनॅमोही नव्या मालकाचा होतो. उरली ती लिलावातली छोटी मोटर. तिच्या आत कायमचा चुंबक होता. अशी मोटर एवढीच प्रामाणिक : वीज उलटली की ती उलटी फिरते. उस्तादांनी पंखा सरळ लावला होता. बॅटरी लावणाऱ्याने तो उलटा केला. हिवाळ्यात पंख्याचे बटण दाबायची वेळ आली नाही, म्हणून मेपर्यंत कुणाला कळले नाही.

मी जानेवारीची नोंदवही काढली. नोंद होती : "लाल गाडी. नवी बॅटरी बसवली. डायनॅमोला चटका दिला. ॲमीटर उलटा दाखवतो, जुना आहे, दुर्लक्ष." अक्षर सुवाच्य होते. ते माझे होते.

बॅटरी सरळ केली. डायनॅमोला पुन्हा चटका दिला. पंख्याच्या तारा उस्तादांनी लावल्या होत्या तशा लावल्या. कागद जाळीला चिकटला. कुँवरसाहेबांना काही सांगितले नाही. "सुई ठीक हो गई," एवढेच म्हणालो. नोंदवहीत मागच्या पानावर लिहिले की बॅटरी उलटी जोडली गेली होती, शब्बन उस्तादांच्या कामात दोष नव्हता. खाली सही केली. वर्तमानपत्रात चूक झाली तर आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, बारीक टायपात भूलसुधार छापत. मीही तेच केले आणि दोन दिवस समाधानी राहिलो.

गुरुवारी जेवताना पत्नीला सांगितले. सुनंदा भंडाऱ्याची. शब्द मोजून बोलत नाही.

"नोंदवहीत लिहिलं?"

"लिहिलं. सहीसकट."

"अच्छा. आणि ती नोंदवही कुठे असते जी?"

"कपाटात."

"आणि कपाटाची किल्ली?"

"माझ्याजवळ."

"म्हणजे त्याची बदनामी फाटकावर केली अन् माफी स्वतःच्या खिशात ठेवली." तिने माझ्या ताटात भाजी वाढली. "सबंध लखनौत तुम्हाला नावानं हाक मारणारा एकच माणूस. फळ्यावर त्याचंच नाव काहून लिहिलं?"

मुलगी आमचे मराठी ऐकत होती. तिने आपल्या हिंदीत मत दिले : "पापा, आप तो फँस गए।"

शुक्रवारी सकाळी नोंदवही घेऊन टपरीवर गेलो. उस्ताद एका सेल्फचे वेटोळे गुंडाळत होते. मी उभा राहिलो. एकशे बावीसवर त्यांचे फेरे संपले. मग त्यांनी वर बघितले. मी सगळे सांगितले आणि नोंद वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"रजिस्टर कौन पढ़ता है, मेश्राम साहब?"

"कोई नहीं।"

"फाटक कौन पढ़ता है?"

मी नोंदवही मिटली.

"तीन दिन लिखा रहा था," ते म्हणाले आणि पुढचे वेटोळे हातात घेतले.

मी फळ्याकडे गेलो तर रस्तोगीजी आडवे आले. "पागल हो गए हो, मिश्राजी? दुकान के माथे पर लिखोगे कि दुकान गधों की है? बिजली वाले का नाम गया तो बिजली वाले का गया। गॅरेज का गया तो मेरा गया।"

"मालिक, पहले वाला भी आपके ही माथे पर लिखा था।"

"वह सही था!"

"सही नहीं था। इसीलिए तो।"

त्यांनी दिवसभर खडू दिला नाही. ज्या माणसाकडे तीन क्रेन-साखळ्या आणि दोन वेल्डिंगचे संच होते, त्याने खडूचा डबा तिजोरीत ठेवला. शनिवारी सकाळी मी चहावाल्याच्या मुलीच्या पाटीवरचा खडू मागून आणला. रस्तोगीजींनी ते बघितले, डोक्यावर हात मारला आणि आत जाऊन बसले.

मी लिहिले : "भूल सुधार। खेद है कि अनजाने में शब्बन उस्ताद के बारे में ग़लत सूचना दी गई। लाल गाड़ी का पंखा उन्होंने सही लगाया था। बैटरी गॅरेज में उल्टी लगी।" उस्तादांना बोलावून वाचून दाखवले. ते फळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"'अनजाने में' हटाइए। जान-बूझकर तो कोई दुश्मन भी नहीं करता।"

पुसले.

"'खेद है' भी रहने दीजिए। वह आप हमसे कह चुके।"

पुसले.

"और 'बैटरी लगी' क्या होता है? बैटरी अपने आप लगती है? किसने लगाई? हमारा तो नाम लिखा था।"

नागपूर सुटल्यावर इतके चांगले संपादन मला कुणी केले नव्हते. फळ्यावर शेवटी दोन वाक्ये उरली : "लाल गाड़ी का पंखा शब्बन उस्ताद ने सही लगाया था। बैटरी मेश्राम ने उल्टी लगाई थी।" चहाच्या टपरीवर त्या दिवशी गर्दी जास्त होती. बऱ्याच जणांनी विचारले, यह मेश्राम कौन है? चहावाला माझ्याकडे बोट दाखवी. लोक म्हणत, अरे, ये तो मिश्राजी हैं.

वाहन अधिकारी चहाला आले. फळा वाचला. दोनदा वाचला. मग उस्तादांच्या टपरीकडे न बघता मला म्हणाले, "यह आपको कब पता चला?"

"मंगलवार को."

"काग़ज़ कल शाम निकल गया। काम चिनहट वाले को दे दिया। मंगलवार को लिख देते तो..." त्यांनी चहा संपवला, मातीचा कुल्हड फोडला आणि गेले. मंगळवार ते गुरुवार मी काय करत होतो हे वर आले आहे. नोंदवहीवर समाधानी होतो.

उस्तादांना मी हे सांगायला गेलो. त्यांना आधीच कळले होते. ते म्हणाले, "चलिए, जीपें भी तो बड़ी गंदी रहती थीं।" आणि बोटांनी तार मोजू लागले. पुढच्या वर्षी संस्थेने ते काम पुन्हा चिनहटच्या मिस्त्रीलाच दिले.

फळा शनिवारभर राहिला, रविवारभर राहिला. आरोप तीन दिवस होता, म्हणून दुरुस्तीही तीन दिवस ठेवायची असे मी ठरवले होते. सोमवारी सकाळी फाटकाशी आलो तर फळा कोरा होता. खाली ओल्या फडक्याचे पाणी ओघळलेले. मला वाटले रस्तोगीजी. टपरीतून उस्तादांचा आवाज आला :

"हमने पोंछा है। दो दिन बहुत हैं। तीसरा दिन हमारी तरफ़ से। आइए, चाय ठंडी हो रही है।"

नंतर अनेक वर्षे आम्ही शेजारी शेजारी काम केले. उस्ताद कुठल्याही गाडीला पंखा लावला की मला हाक मारत, स्वतः वर्तमानपत्राचा कागद जाळीसमोर सोडत आणि तो चिकटला की म्हणत, "गवाह रहिएगा।" शेवटी शेवटी कागद चिकटल्याचे त्यांना दिसत नसे, मी सांगत असे. आज ते नाहीत. टपरीच्या जागी मोबाइलची दुकाने आहेत. लाल गाडी कुँवरसाहेबांच्या मुलाने विकली. ती आता हजरतगंजमध्ये तापत नाही, कारण तिथे जात नाही.

मी तो तिसरा दिवस त्यांच्याकडून घ्यायला नको होता. चहा पिऊन लगेच फळ्यावर पुन्हा लिहायला हवे होते. मी चहा प्यालो आणि एका टेम्पोच्या गिअरबॉक्सबद्दल लिहिले. फळा पुसायला एक फडके पुरते. दिवाळी अंक निदान पुढची दिवाळी येईपर्यंत घरात राहतो. म्हणून राहिलेला दिवस इथे भरतो आहे. वाचक लखनौचे नाहीत आणि उस्तादांना काम देणारे तर नाहीतच, हे मला ठाऊक आहे.

लाल गाडीचा पंखा शब्बन उस्तादांनी बरोबर लावला होता. बॅटरी मेश्रामने उलटी लावली होती.